कासवीची नजर

मागच्या काही भागांत आपण शेळी, कोंबडी आणि गायीच्या आजारांवर बोललो. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज आम्ही बोलणार आहोत कासवाच्या पिल्लाबद्दल. नवं पिल्लू आलं तर ते कसं सांभाळतात, ते आजारी आहे हे कसं ओळखतात, आणि हे ओळखायला माणूस कधी आणि कसा शिकला, त्याचा हा इतिहास.

आपल्याला याचं काय, असं वाटेल. पण कासव आपल्याला नवं नाही. शंकराच्या देवळात नंदीपुढे दगडी कासव असतं, पाया पडताना आपण त्यालाही हात लावतो. कुणाच्या विहिरीत कासव सोडलेलं असतं. नांगरताना एखादं सापडलं तर घरात लक्ष्मी आली म्हणून बादलीत ठेवतात. आणि काही राज्यांत तर गावोगाव माणसं फिरतात, कासव आणून द्या, पैसे घ्या, म्हणतात. म्हणजे कासवाचं पिल्लू कधी ना कधी आपल्या अंगणात येऊ शकतं. तेव्हा काय करायचं हे माहीत असलेलं बरं.

आपल्या संतांनी कासवीचा दाखला पुन्हा पुन्हा दिला आहे. कासवी पिल्लाला दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही, नुसत्या नजरेनं त्याला पोसते, तशी देवाची भक्तावर नजर असते, असा तो दाखला. तो भक्तीचा आहे, त्याला फूटपट्टी लावायची नाही. खरी कासवी मात्र मागच्या पायांनी खड्डा करते, अंडी घालते, वर माती लोटते आणि निघून जाते. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा आई जवळ नसते. ते रडत नाही, हाका मारत नाही. दुखलं खुपलं तरी गप्प. त्यामुळे माणसानं असं पिल्लू हाती घेतलं, की नजर ठेवायचं काम माणसाचं होतं. आणि हे काम नीट शिकायला माणसाला दोनशेहून जास्त वर्षं लागली.

रेबेकाबाईंचं कासव

ही गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये. तिथल्या ससेक्स भागात रिंगमर नावाच्या गावी रेबेका स्नूक नावाच्या बाई राहत होत्या. त्यांच्या घरच्या भिंतीच्या आतल्या छोट्या बागेत जमिनीवर राहणारं एक कासव होतं. इंग्लंडमध्ये जमिनीवरची कासवं मुळात नसतात. हे कासव भूमध्य समुद्राकडच्या उबदार देशातून बोटीनं आलेलं. त्याचं नाव टिमथी. बाईंनी ते सुमारे चाळीस वर्षं सांभाळलं.

त्यांचा भाचा गिल्बर्ट व्हाइट. धर्मगुरू होता, पण त्याचा जीव पाखरं, किडे, झाडं यांत रमायचा. आत्याकडे गेला की तो कासवाकडे बघत बसे. त्यानं लिहून ठेवलं आहे, की परक्या माणसाकडे हे कासव ढुंकूनही बघत नाही, पण रोज खाऊ घालणारी म्हातारी बाई दिसली की तिच्याकडे लगबगीनं चालू लागतं.

१७८० साली रेबेकाबाई वारल्या. व्हाइटनं कासव आपल्या सेल्बोर्न गावी न्यायचं ठरवलं. ते मार्चचे थंडीचे दिवस होते आणि कासव मातीखाली झोपलेलं होतं. थंड मुलखात कासव हिवाळाभर असं झोपतं, याला शीतनिद्रा म्हणतात. त्यानं ते उकरून काढलं आणि घोडागाडीतून ऐंशी मैलांवर नेलं. वाटेतल्या हिसक्यांनी कासव जागं झालं. नव्या बागेत सोडल्यावर थोडं हिंडलं आणि पुन्हा मातीत शिरलं.

पुढची तेरा वर्षं, म्हणजे स्वतःच्या मरणापर्यंत, व्हाइटनं त्याच्यावर नजर ठेवली. ते कधी उठलं, कधी खाल्लं, काय खाल्लं, पावसाआधी काय केलं, सगळं वहीत. मोठ्या भोंग्यातून त्याच्यावर ओरडूनही पाहिलं, कासव ढिम्म. एकदा पाण्याच्या टबात सोडून पाहिलं. कासव पोहलं नाही, हळूहळू बुडालं, तळाशी चालू लागलं आणि पार घाबरून गेलं. मैत्रिणींनो, ही नोंद ध्यानात ठेवा. जमिनीवरचं कासव पाण्यात पोहू शकत नाही. दया म्हणून विहिरीत सोडलं, तर ते बुडून मरतं.

व्हाइटची सर्वांत उपयोगाची सवय दिसायला साधी होती. तो कासव तराजूत घालून तोलायचा. पावणेसात पौंडांच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबानं साधारण तीन किलो. झोपायला जाताना किती, उठल्यावर किती, हे तो लिहून ठेवी. तेव्हा ती केवळ हौस होती. या वजनातच कासवाच्या तब्येतीची किल्ली आहे हे कळायला पुढं दोन शतकं जावी लागली.

आणखी एक गंमत. टिमथी हे पुरुषाचं नाव. व्हाइट मेला, पाठोपाठ वर्षभरात कासवही मेलं. त्याचं कवच लंडनच्या संग्रहालयात आजही आहे. कवचाची पोटाकडची बाजू तपासल्यावर जाणकारांना कळलं, की टिमथी मादी होती. पन्नासेक वर्षं एका बाईला सगळे बाप्या समजत होते.

पेट्यांतून आलेली लाखो कासवं

विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कासव पाळायचं वेड आलं. मोरोक्को, तुर्कस्तान, ग्रीस या देशांतून कासवं पेट्यांत एकावर एक रचून जहाजानं येऊ लागली. वर्षाला लाखाहून जास्त कासवं आल्याचा काळही होता. बाजारात ती स्वस्तात मिळत, आणि शाळकरी पोराच्या वाढदिवसाला आईबाप सहज एक घेऊन येत. बीबीसीच्या 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमातही १९६३ पासून एक कासव होतं. त्याचं नाव ठेवलं फ्रेड. थोड्याच दिवसांत कळलं की तीही मादी, मग नाव बदलून फ्रेडा केलं. दर हिवाळ्यात कार्यक्रमात कासवाला पेटीत निजवायचं कसं हे दाखवत, आणि घरोघरी पोरं तसंच करत.

वसंतात पेटी उघडली की पुष्कळ घरांत आत मेलेलं कासव निघायचं. असं का व्हायचं? ही कासवं मुळात बोटीच्या प्रवासानं खंगलेली असत. दिवसच्या दिवस पाणी नाही, खाणं नाही. घरी आल्यावर कुणी ब्रेड आणि दूध द्यायचं. ब्रेड-दूध हे कासवाचं खाणंच नव्हे. त्याचं पोट पाला, गवत, रानातली पानंफुलं पचवायला बनलेलं. मग अशक्त कासव झोपायला जायचं आणि उठायचंच नाही. पण हे अशक्त आहे हे घरच्यांना दिसायचं नाही. शेळी खंगली तर बरगड्या दिसतात, लेकरू खंगलं तर गाल बसतात. कासवाचं कवच आहे तेवढंच राहतं. आतलं अंग वाळून गेलं तरी बाहेरून ते ठणठणीत दिसतं.

इथे व्हाइटचा तराजू पुन्हा उपयोगी पडला. ऑलिफंट जॅक्सन नावाच्या पशुवैद्यानं खूप कासवांची लांबी मोजली, वजन घेतलं, आणि १९८० च्या सुमारास एक तक्ता मांडला. एवढ्या लांबीच्या कासवाचं वजन साधारण एवढं असावं. त्याहून बरंच कमी भरलं तर त्याला हिवाळी झोप देऊ नका, आधी उपचार करा. त्याआधी हातात उचलून अंदाजानं ठरवत, आता आकडा हाती आला. हा तक्ता भूमध्य समुद्राकडच्या दोन जातींपुरताच आहे, आपल्याकडच्या कासवांना तो लागू नाही. पण त्यामागची रीत सगळीकडे चालते.

ती रीत तुम्हाला पाठ आहे. अंगणवाडीत दर महिन्याला बाळाचं वजन होतं, उंची मोजतात, तक्त्यावर ठिपका मांडतात. ठिपक्यांची रेघ वर गेली तर बरं, आडवी झाली की ताई घरी येतात. कासवाच्या पिल्लाचंही तेच. ते लिंबाएवढं असतं. ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर दर आठवड्याला तोलायचं आणि तारीख घालून लिहायचं. वाढत्या पिल्लाचं वजन लागोपाठ घटलं, तर ते आजारी आहे असंच समजायचं. मग ते खाताना दिसो, चालताना दिसो.

१९८४ पासून युरोपातल्या त्या वेळच्या सामायिक बाजाराच्या देशांत अशी रानातून धरलेली भूमध्य कासवं विकायला आणण्यावर बंदी आली. तोवर किती लाख जीव गेले होते, त्याचा नेमका हिशेब कुणी ठेवलेला नाही.

मऊ पाठ आणि मुडदूस

बंदीनंतर लोक घरच्या घरी अंडी उबवून पिल्लं वाढवू लागले. तेव्हा दुसरं दुखणं पुढं आलं. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाची पाठ थोडी लवचिक असते, ती पुढं टणक होत जाते. पण खोलीत वाढवलेल्या कितीतरी पिल्लांची पाठ महिनोन्‌महिने मऊच राहायची, कवच वाकडं व्हायचं, पाय वजन पेलायचे नाहीत.

हा आजार माणसांच्या लेकरांनाही होतो. आपण त्याला मुडदूस म्हणतो. हाडं मऊ पडतात, पाय धनुकलीसारखे वाकतात. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात भुकेनं खंगलेल्या पोरांत मुडदूस फार पसरला होता. तिथे हॅरिएट चिक नावाच्या संशोधक बाई आपल्या सहकारी बायांना घेऊन गेल्या. १९१९ ते १९२२ या काळात त्यांनी दाखवून दिलं, की कॉड माशाच्या यकृताचं तेल पाजलं किंवा उन्हाचे किरण अंगावर पडू दिले, तर मुडदूस बरा होतो आणि टळतोही. उन्हानं अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडाला लागत नाही.

कासवाची पाठ म्हणजे हाडच, वरून नखासारखा थर असलेलं. माणसांच्या पोरांना लागू ते त्यालाही लागू. त्याला अंगावर पडणारं उघडं ऊन लागतं. काचेतून येणारं ऊन चालत नाही, कारण कामाचे किरण काच अडवते. अर्थात बारीक पिल्लू भर दुपारच्या उन्हात ठेवलं तर भाजून मरेल. कोवळं ऊन आणि शेजारी सावली, दोन्ही हवं. आणि कॅल्शियम असलेला पाला हवा.

पिल्लांच्या पाठीवर डोंगरासारखे उंचवटे का येतात, हाही प्रश्न होता. वर्षानुवर्षं सगळे म्हणत, खाण्यात प्रथिनं जास्त झाली म्हणून. मग व्हिएन्नातल्याच संशोधकांनी आफ्रिकेतल्या एका जातीची पन्नास पिल्लं वेगवेगळ्या ओलाव्यात आणि वेगवेगळ्या खुराकावर वाढवली. २००३ साली त्यांनी सांगितलं, की उंचवट्यांचं मोठं कारण कोरडी हवा आहे, प्रथिनांचा वाटा किरकोळ. रानात पिल्लू दिवसभर गवताच्या बुंध्याशी, ओलसर मातीत दडून असतं. माणूस त्याला कोरड्या खोक्यात ठेवत होता. म्हणून आता पिल्लांना दडायला ओलसर कोपरा देतात आणि उथळ कोमट पाण्यात थोडा वेळ बसवतात. पाणी हनुवटीच्या खाली राहील एवढंच, आणि आपण समोरून हलायचं नाही.

वाळवंटातली सर्दी

आता अमेरिकेत जाऊ. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात जमिनीवरची कासवं आहेत. बिळात राहतात, पावसाळी गवतावर जगतात. क्रिस्टिन बेरी नावाच्या बाईंनी अनेक दशकं या कासवांचा माग ठेवला आहे. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीला तिथल्या राखीव भागात विचित्र कासवं दिसू लागली. नाकातून पाणी, नाकपुडीवर बुडबुडे, डोळे सुजलेले, आणि पुढच्या पायांवर वाळलेल्या शेंबडाचे डाग, कारण कासव पायानं नाक पुसतं. पाठोपाठ मेलेल्या कासवांची कवचं सापडू लागली. १९९० साली तिथल्या सरकारनं या कासवाला संकटात असलेल्या जातींच्या यादीत घातलं. रस्ते, कावळे, दुष्काळ अशी इतरही कारणं होती, पण सर्दी हे मोठं कारण होतं.

१९९४ साली मेरी ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलं, की ही सर्दी मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूमुळे होते. हा जंतू एका कासवाकडून दुसऱ्याकडे नाकाला नाक लागून जातो. आणि कासवाला आपल्यासारखा जोरानं खोकता येत नाही, कारण छाती-पोटामधला तो पडद्याचा स्नायू त्याला नाही. आत साचलेला कफ बाहेर टाकता येत नाही आणि सर्दीचा न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही.

जंतू रानात फैलावला कसा? जाणकारांचा मोठा संशय असा, की लोकांनी घरात पाळलेली कासवं कंटाळा आल्यावर वाळवंटात नेऊन सोडली. सोडणाऱ्याला वाटलं असेल, आपण बिचाऱ्याला मोकळं केलं. पण त्याच्या नाकातून आजारही मोकळा झाला. आज कॅलिफोर्नियात पाळलेलं कासव रानात सोडणं कायद्यानं मना आहे.

हे आपल्या बायांना वेगळं सांगायला नको. बाजारातून नवी गाय आणली की शहाणी बाई तिला आठ-पंधरा दिवस वेगळी बांधते. २०२२ साली लंपी आला तेव्हा ज्यांनी असं केलं नाही, त्यांच्या गोठ्यात काय झालं ते आपण पाहिलं. कासवासाठी हा काळ फार लांबतो, कारण त्याच्या अंगात सगळंच हळू चालतं, आजारसुद्धा. जिथे कासवं कायद्यानं सांभाळली जातात, तिथे नवं पिल्लू निदान तीन ते सहा महिने वेगळं ठेवतात. त्याची ताटली वेगळी, पाण्याचं भांडं वेगळं. आधी जुन्यांचं करायचं, नव्याचं शेवटी, आणि मग हात धुवायचे. दोन वेगळ्या मुलखांतल्या जाती तर कधीच एकत्र ठेवत नाहीत. एकीला न बाधणारा जंतू दुसरीला मारतो.

धुतलेले हात

त्याच अमेरिकेत पाण्यातल्या कासवांची रुपयाएवढी पिल्लं दुकानादुकानांत विकत. लहान मुलं ती हातात घेत, तोंडाला लावत, त्यांचं पाणी स्वयंपाकघरातल्या मोरीत ओतलं जाई. मुलांना जुलाब, ताप सुरू झाले. कारण होतं साल्मोनेला नावाचा जंतू. तो कासवाच्या विष्ठेत असतो आणि कासव मात्र धडधाकट दिसतं. १९७० च्या आसपास दरवर्षी अडीच लाखांच्या जवळपास मुलांना कासवामुळे असा त्रास होतो, असा अंदाज निघाला. म्हणून १९७५ साली चार इंचांहून लहान कवचाची कासवं विकायला बंदी झाली. चार इंच का? तर एवढं मोठं कासव लहान पोराच्या तोंडात जात नाही.

म्हणून कासवाला हात लागला की साबणानं हात धुवा. त्याचं पाणी भांडी घासायच्या जागी ओतू नका. तान्ह्या बाळाजवळ आणि गरोदर बाईजवळ ते ठेवू नका.

पिल्लू नव्या जागी रुजलं ते असं

आतापर्यंत मरणाच्याच गोष्टी झाल्या. आता जगवल्याची गोष्ट ऐका. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला महासागरात गालापागोस नावाची बेटं आहेत. तिथली कासवं दीडदोन क्विंटलची होतात. त्यांतल्या पिन्झॉन बेटावर जहाजांतून उंदीर आले आणि शंभरावर वर्षं त्यांनी कासवाचं एकही पिल्लू वाढू दिलं नाही. म्हातारी कासवं तेवढी उरली. १९६५ पासून तिथली अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं सांताक्रूझ बेटावरच्या केंद्रात नेऊन वाढवायला सुरुवात झाली.

केंद्रातली रीत पाहण्यासारखी आहे. पिल्लू अंड्यातून निघालं की त्याच्या पोटाशी बलकाची पिशवी असते, तेच त्याचं पहिलं दूध. ती ओढायची नाही, कापायची नाही. ती आत जिरेपर्यंत काही आठवडे पिल्लू अंधाऱ्या पेटीत ठेवतात, जसं रानात ते मातीखालीच राहिलं असतं. मग प्रत्येकाला नंबर, वजन, मोजमाप. उंदराला दाद देणार नाही एवढं, म्हणजे चारपाच वर्षांचं झालं, की ते त्याच्या बेटावर परत. जाण्याआधी पुन्हा वेगळं ठेवायचं, जंत काढायचे, पोटातून दुसऱ्या बेटाचं बी जात नाही ना ते पाहायचं. २०१२ अखेर पिन्झॉनवरचे उंदीर संपवले आणि २०१४ साली तिथल्या मातीत आपोआप फुटलेली पिल्लं पुन्हा दिसली.

एस्पान्योला बेटाची हकिगत तर आणखी बिकट. तिथे उरली होती फक्त चौदा कासवं, बारा माद्या आणि दोन नर. तीही इतकी विखुरलेली की त्यांची गाठच पडत नव्हती. १९६३ ते १९७४ या काळात ती एकेक करून केंद्रात आणली. पुढं अमेरिकेच्या प्राणिसंग्रहालयातून तिसरा नर आला, त्याचं नाव दिएगो. या पंधरा जणांच्या वंशातली हजारोंच्या घरातली पिल्लं बेटावर सोडली गेली. २०२० साली काम पुरं झालं आणि पंधरा म्हातारी कासवंही आपल्या बेटावर परतली. त्यांत त्या बारा माद्या होत्या. पंचेचाळीस-पन्नास वर्षं माहेर सोडून राहिलेल्या, पोटची पिल्लं आधी पाठवून मग स्वतः गेलेल्या.

आपल्याकडचं चांदणी कासव

गुजरात, राजस्थान, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडू इथल्या माळांवर एक सुंदर कासव राहतं. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या. हेच सौंदर्य त्याच्या जिवावर उठलं आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की दक्षिणेतल्या एकाच ठिकाणाहून वर्षाला निदान ५५ हजार चांदणी कासवं धरून नेली जात होती. रानात फिरणाऱ्या, मजुरी करणाऱ्या गरीब माणसांकडून ती चिल्लर पैशांत घेतात. मग ती बॅगांत कोंबून परदेशी पाठवतात. विमानतळांवर पकडलेल्या बॅगांत बरीचशी पिल्लंच असतात, पाय चिकटपट्टीनं बांधलेली. इंग्लंडच्या त्या पेट्याच पुन्हा, फक्त आकार बदलला. २०१९ साली जगातल्या देशांनी मिळून या कासवाचा व्यापार पूर्ण बंद करायचं ठरवलं.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हे कासव घरात पाळणं, विकणं, घेणं गुन्हा आहे. नशीब उघडतं म्हणून ठेवलं, हे उत्तर तिथे चालत नाही. आणि धरलं जातं ते बहुधा गावातलं गरीब माणूस. पैसे कमावणारा व्यापारी नामानिराळा राहतो. म्हणून गटाच्या बैठकीत हे बोला. कुणी कासवं मागायला आला, तर सगळ्यांनी मिळून नाही म्हणा.

पावसाळ्यात रस्ता ओलांडणारं कासव दिसलं, तर ते ज्या दिशेनं चाललं आहे त्याच बाजूला उचलून ठेवा. जखमी किंवा कुणी घरात ठेवलेलं कासव असेल, तर वन विभागाला कळवा. महाराष्ट्रात वन विभागाचा फोन नंबर १९२६ आहे. माणसं येईपर्यंत भोकं पाडलेल्या खोक्यात, सावलीत ठेवा. दूध, भाकरी, डाळभात देऊ नका. विहिरीत, तळ्यात सोडू नका. दुसऱ्या कासवाजवळ ठेवू नका. आणि न्यायला येतील त्यांना जे दिसलं ते सांगा, त्यानं उपचार लवकर होतात.

काय बघायचं, ते एकदा मोजून घेऊ. डोळे उघडे आणि चमकदार आहेत, की मिटलेले, सुजलेले, खोल गेलेले? नाक कोरडं आहे, की बुडबुडे येतात? तोंड उघडं टाकून श्वास घेतं का? पाठ टणक आहे, की बोटानं दबते? कवचावर ओला, वास येणारा, लालसर डाग आहे का? उचलल्यावर जड लागतं, की रिकाम्या करवंटीसारखं हलकं? पाय आत ओढून घेतं, की लोंबतात? पाण्यातलं कासव असेल, तर सरळ पोहतं की एका अंगावर कलतं? कलत असेल तर फुप्फुसात दुखणं आहे असं समजा. यांतलं एकही दिसलं तरी घरगुती औषध करू नका. हळद, तेल, माणसाच्या गोळ्या काही नको. ते पशुवैद्याचं काम आहे.

तोलून बघणं, उन्हात सोडणं, नव्याला वेगळं ठेवणं, हात धुणं. ही चार कामं शिकायला जगानं लाखो कासवांचे जीव घेतले. आपल्या घरात ती बाळासाठी आणि जनावरासाठी रोजचीच आहेत. आता कासवासाठी एवढंच लक्षात ठेवायचं, की त्याची खरी जागा रान आहे. ते आपल्या वाटेत आलंच, तर ते सुखरूप रानात परत जाईपर्यंत आपली नजर त्याच्यावर असू द्या.